टाक्यांचं

बाईंबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अंकासाठी दर वर्षी मजकूर मागतात आणि दर वर्षी मी काहीतरी दुसरंच देतो. एकदा मधुमेहावर दिलं, एकदा गच्चीतल्या भाज्यांवर. संपादक म्हणाले, "तुमच्या सोसायटीत त्या कागदवाल्या बाई होत्या ना, त्यांच्यावर लिहा की. मजा येईल वाचायला." मजा येईल हे खरंच होतं. मी हो म्हणालो आणि पुन्हा भाज्यांवर लिहिलं.

यंदा लिहितो आहे. यात जिचा संबंध आहे त्या मुलीला विचारून लिहितो आहे, कारण तिचा एक कागद तिला न विचारता चारचौघांत गेला होता आणि ही त्याचीच हकिकत आहे. नावं मात्र कुणाचीच देणार नाही.

बाई घणसोलीत आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एकट्या राहायच्या. मूळच्या गडहिंग्लजकडच्या. महापेच्या एका केमिकल कारखान्यात त्यांनी डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणून नोकरी केली होती. म्हणजे नेमकं काय, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कारखान्यात पाइपांपेक्षा पाइपांची ड्रॉइंगं जास्त असत्यात. जुनं ड्रॉइंग बघून कुणी भलताच व्हॉल्व्ह उघडला की माणसं मरत्यात. ते जुनं ड्रॉइंग कुणाच्या हातात जाऊ नये, याचा मला पगार होता."

त्या बोलताना 'मी येतो', 'मी सांगतो' असं म्हणायच्या. त्यांच्याकडच्या बायका तशाच बोलतात. आमच्या इमारतीतल्या मुलांना त्याचं हसू यायचं. मुलांनीच त्यांचं नाव स्कॅनबाई ठेवलं होतं आणि बाईंना ते आवडायचंही. गळ्यात चष्म्याची दोरी असायची आणि तिलाच स्टेपलरच्या पिना उपटायचा चिमटा लटकवलेला असायचा. स्टेपलरवर त्यांचा राग होता. "कागदाला भोकं पाडून एकत्र ठेवायचं म्हंजे काय, लग्न लावायचंय का त्यांचं?"

निवृत्त झाल्यावर त्यांनी सोसायटीच्या ऑफिसात, मीटरच्या खोलीशेजारी, एक जुना कॉम्प्युटर आणि एक स्कॅनर मांडला. कॉम्प्युटरवर कागदपत्रं लावून ठेवायचं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर होतं. कागद स्कॅन केला की ते त्यातली अक्षरं वाचायचं, मग कुठलाही शब्द टाकला की तो कागद समोर यायचा. रविवारी सकाळी कुणीही आपल्या घरची पिशवी घेऊन यायचं. पैसे घेत नसत. चहाही घेत नसत, कारण कागदाजवळ कप चालायचा नाही.

इंग्रजी कागद ते सॉफ्टवेअर भराभरा वाचायचं. मराठी मात्र पहिलीतल्या पोरासारखं अडखळत. 'मृत्यू दाखला' त्याला कधीच वाचता आला नाही, ते दर वेळी 'मृदू दाखला' वाचायचं. मी म्हटलं, "बाई, हे दुरुस्त करा."

"असूद्या की," त्या म्हणाल्या. "मऊच बरा."

तेव्हापासून आमच्या इमारतीत कुणाच्या वडिलांचा दाखला लागला की लोक 'मृदू' असं शोधायचे आणि तो सापडायचा. अजूनही आमच्या घरात त्याला मृदू दाखलाच म्हणतात.

त्यांची नाव देण्याची पद्धत साऱ्या जगाच्या उलटी होती. मी सरकारी नोकरी केलेला माणूस, त्यात सोसायटीचा सेक्रेटरी. माझ्या मते फाइलवर वर्ष हवं, विषय हवा, क्रमांक हवा. बाई म्हणायच्या, "तुमची बायको आजारी पडली तर तुम्ही काय म्हणून वरडणार? 'वैद्यकीय विमा, नूतनीकरण, अमुक साल' म्हणून? की 'अगं, ते हॉस्पिटलचं कुठाय' म्हणून?"

"हॉस्पिटलचं कुठाय म्हणून."

"मग फाइलचं नाव 'हॉस्पिटलचं'. कागद शोधणारा माणूस कधीच शांत नसतो, सेक्रेटरी. शांत असताना कोण शोधतंय? घाबरलेल्या माणसाच्या तोंडात जे येतंय तेच नाव."

त्यामुळे त्यांच्याकडे 'गुडघ्याचं', 'गॅसवाल्याचं', 'भावाशी भांडणाचं', 'पोरीच्या शाळेचं' अशा फाइली होत्या. ऐकायला विनोदी वाटतं. पण आमच्या मंडळींना पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी भरती केलं तेव्हा माझ्या क्रमांकवार कपाटात विम्याचा कागद सापडला नव्हता. तो पुढे दिवाळीत चकलीच्या डब्यात, तळाशी अंथरलेला सापडला. "क्रमांक काय होता हो चकलीचा?" असं आमची मंडळी आजही विचारतात. त्या प्रसंगानंतर मी बाईंकडे पिशवी घेऊन गेलो आणि त्यांचा शिष्य झालो.

बाईंची कवायत ऐकण्यासारखी असायची. एखाद्या घरचे कागद लावून झाले की त्या घरच्या बाईला खुर्चीत बसवायच्या आणि नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "समजा हे आत्ता गेले. पेन्शनचा कागद काढा."

दुसऱ्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ एकदा चिडले. "अहो बाई, मी बसलोय इथे!"

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही गेलाय."

"पण ती चुकीच्या ठिकाणी शोधतेय."

"मग तसंच चुकीचं शोधू दे की. गेलेला माणूस उठून सांगतोय का?"

त्यांची बायको आधी तोंडाला पदर लावून हसत होती. मग तिला तो कागद सापडला आणि तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आता तुम्ही आला परत. उठा, आणि हिला वडापाव आणून द्या."

मला त्यांनी दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या होत्या. एक, फोनवर काढलेला फोटो म्हणजे कागद नव्हे. कुणी तसा फोटो आणला तर त्यातल्या अंगठ्याकडे बघून त्या विचारायच्या, "हा कुणाचा? ह्याचा पण दाखला काढायचाय का?" आणि दुसरी, उघडून वाचल्याशिवाय कुठलाही कागद पुढे पाठवायचा नाही. नावावर विश्वास ठेवायचा नाही, अगदी त्यांनी स्वतः दिलेल्या नावावरही नाही. "नाव हाक मारायला. खात्री करायला डोळे."

प्रत्येक घराच्या कागदांचा पासवर्ड त्या घराकडेच असायचा. फक्त सोसायटीच्या कागदांचा कप्पा बाईंकडे आणि सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे होता. लिफ्टची कंत्राटं, पाण्याची बिलं, नोटिसा. ऑफिसचा एक फोन होता, त्यावर हा कप्पाही उघडायचा आणि सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुपही. दुपारी ऑफिसात बाई बसायच्या, म्हणून फोन त्यांच्याकडे असायचा.

तिसऱ्या मजल्यावर एक कुटुंब होतं. नवरा महापेच्या आयटी पार्कात चांगल्या नोकरीवर, नेहमी हसून 'गुड मॉर्निंग काका' म्हणणारा. बायको उरणकडची, आगरी घरातली. त्यांना तीन वर्षांची मुलगी होती. एक दिवस बायकोच्या भुवईवर पट्टी दिसली. "बाथरूममध्ये पडले," असं तिने लिफ्टमध्ये कुणी न विचारताच सांगितलं. आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं आणि आपापल्या मजल्यावर उतरलो.

बाईंनी विचारलं असावं. कारण त्यानंतर ती अधूनमधून कोथिंबिरीची जुडी द्यायच्या निमित्ताने खाली यायची आणि जुडीच्या पिशवीत तळाशी एकेक कागद असायचा. तिची मार्कशीट, लग्नाचा दाखला, पासबुक. बाई ते स्कॅन करायच्या आणि मूळ कागद त्याच पिशवीतून परत जायचा. घर सोडायच्या आधी ती आपले कागद घराबाहेर काढत होती. सगळे कागद झाले की मुलीला घेऊन एखाद्या शांत दिवशी माहेरी जायचं, असं दोघींचं ठरलं होतं. मुलीच्या जन्माचा दाखला तेवढा राहिला होता, कारण तो नवऱ्याच्या कपाटात होता. हे सगळं मला मागाहून कळलं. त्या वेळी मला बाईंच्या टेबलावर रोज एवढी कोथिंबीर कुठून येते याचंच नवल वाटायचं.

एका सकाळी तिने हॉस्पिटलचा कागद आणला. भुवईवर टाके घातल्याचा. त्यात डॉक्टरांनी तिच्याच शब्दांत लिहिलं होतं की नवऱ्याने स्टीलचा डबा फेकून मारला. मार्कशीट-पासबुकासारखा हा कागद तिच्या घरच्या कप्प्यात ठेवणं शक्य नव्हतं, त्याचा पासवर्ड नवऱ्याकडेही होता. तेव्हा बाईंनी तो सोसायटीच्या कप्प्यात ठेवला. सोसायटीचे कागद कुणी वाचत नाही, यावर त्यांचा ठाम विश्वास होता आणि तो अनुभवाने आलेला होता. फाइलला तिचं नाव द्यायचं नव्हतं. त्यांनी नाव दिलं, 'टाक्यांचं'.

पाण्याच्या टाक्या साफ करण्याची बिलं आणि नोटिसाही त्याच नावाने तिथे होत्या. टाकीच्या टाक्या आणि टाक्याचे टाके, 'चं' लावलं की दोन्ही एकच. टाक्यांच्या गर्दीत त्यांनी टाके लपवले होते. खरं म्हणजे ही युक्ती फार हुशारीची होती, फक्त त्यांच्या हिशेबात मी नव्हतो.

दुसऱ्या दिवशी टाक्यांची सफाई होती आणि पाणी बंद राहणार होतं. नोटीस ग्रुपवर टाकायची राहिली होती. त्याच दिवशी दुपारी बाई जेवायला घरी गेल्या होत्या. मी ऑफिसात आलो, टेबलावरचा फोन उचलला, 'टाक्यांचं' असं शोधलं, सगळ्यात वर जे आलं ते ग्रुपवर पाठवलं. चष्मा घरी राहिला होता. पाठवल्यावर फोन जागेवर ठेवला, आणि एक काम हातावेगळं झालं म्हणून समाधानाने घरी जाऊन पडलो.

संध्याकाळी उठलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. कुणीतरी बाईंना कळवलं आणि त्यांनी तो मेसेज काढून टाकला, पण तोवर इमारतीने वाचला होता. नवऱ्यानेही आपल्या आयटी पार्कातल्या ऑफिसात बसून वाचला होता. तो घरी आला, बायकोला दाराबाहेर काढलं आणि आतून कडी लावली. मुलगी आत राहिली. तिची आई अनवाणी बाईंच्या घरात बसली होती आणि वरून पोरीचं रडणं ऐकू येत होतं. पोलीस आले, नवऱ्याने त्यांच्याशी हसून बोलून, चहा विचारून, हा घरगुती मामला आहे असं पटवलं. रात्री तिला पोरीशिवाय उरणला जावं लागलं.

कमिटी ऑफिसात जमली. चेअरमन म्हणाले, "ऑफिसच्या फोनवरून गेलंय. दुपारी फोन कोणाकडे होता?"

सगळ्यांनी सेक्रेटरीकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं. बाई तिथे नव्हत्या, त्या तिला सोडायला गेल्या होत्या. मी म्हणालो, "दुपारी फोन बाईंकडे असतो."

'होता' म्हणालो नाही. 'असतो' म्हणालो. त्या एका क्रियापदावर मी कितीतरी दिवस काढले. मी खोटं बोललेलो नाही, असं स्वतःला सांगायला ते पुरत होतं. चेअरमन म्हणाले, "वाटलंच मला. दुनियाभरचे कागद गोळा करून बसायचं, मग असंच होणार." कुणीतरी म्हणालं, "म्हातारपणी होतं असं." मी मान हलवली की नाही ते आठवत नाही. हलवली असणार.

दोन दिवसांनी तिचे वडील आले. उरणहून नातीला घ्यायला आले होते, जावयाने दार उघडलं नव्हतं. खाली पार्किंगमध्ये बाई त्यांना सामोऱ्या गेल्या. उंच, उन्हाने रापलेला माणूस. आवाज साऱ्या इमारतीला ऐकू गेला.

"बाय, माझे पोरीनी तुला आपली समजून कागद दिला. त्यो तू सगल्या गावात वाटलास? माझी नात वर कोंडलेली हाय. तिला कोन आननार? तू आननार?"

बाई म्हणाल्या, "चूक झाली दादा."

"चूक? शिकलेली बाय ना तू? कपाल फुटलेला कागद पान्याचे टाकीत कोन ठेवतं?"

"मी ठेवला. नाव मी दिलं. चूक माझी हाय."

मी लिफ्टच्या दाराशी उभा होतो. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ऑफिसच्या फोनवर तो शब्द शोधणारी माणसं या इमारतीत दोनच होती आणि त्यांतली एक त्या दुपारी जेवत होती, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी फक्त मला वेळ दिला. मी पुढे एक पाऊल टाकलं असतं तर पुरलं असतं. मी लिफ्टचं बटण दाबलं.

त्यानंतरच्या रविवारी लोक पिशव्या घेऊन आले ते आपले कागद परत मागायला. बाईंनी एकेकाला समोर बसवून त्याचं सगळं पेनड्राइव्हवर घालून दिलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत कॉम्प्युटरवरून पुसलं. "बघा, गेलं. नीट बघून घ्या." बँकवाल्या गृहस्थांची बायको म्हणाली, "आमचं राहू द्या हो बाई." नवरा म्हणाला, "नको, नको." मीही माझा पेनड्राइव्ह घेतला. मी नाही घेतला तर लोकांना संशय येईल, असा विचार मी केला होता.

काही दिवसांनी मीच न राहवून त्यांना विचारलं, "बाई, तुम्ही त्या वडिलांना तसं का सांगितलं?" हा प्रश्न म्हणजे माझी कबुली आहे, असं मी मनाशी ठरवलं होतं. ती समजून घ्यायचं काम त्यांच्यावर टाकलं होतं.

"दोन अर्थांचं नाव ठेवलं. कारखान्यात मला कामावरनं काढलं असतं," त्या म्हणाल्या. "तुमचं तुम्ही बघा. माझं मी घेतलं."

मी म्हटलं, "पण एका परीने बरंच झालं ना. सुटली तरी ती."

तेव्हा मात्र त्या चिडल्या. तेवढ्या एकाच वेळी मी त्यांना चिडलेलं पाहिलं. "बरं झालं म्हणू नका. पोरीला घेऊन जाणार होती ती. दिवस तिनं ठरवायचा होता. कागद उघडायचा का झाकायचा ते ज्याचा कागद त्यानं ठरवायचं. एवढंच तर काम होतं आपलं."

नात आईकडे यायला कोर्टाच्या तारखांमध्ये वर्षाहून अधिक काळ गेला. पहिल्यांदा भेटायला दिलं तेव्हा पोर आईला ओळखेना, बापाच्या मागे लपली. हे मला तिच्या आईनेच सांगितलं, या हिवाळ्यात, मी उरणला तिला भेटायला गेलो तेव्हा. ती आता एका गोदामाच्या ऑफिसात कंटेनरच्या कागदपत्रांचं काम बघते. आपल्या हाताखालच्या मुलांना पिना मारू देत नाही. पोरगी शाळेत जाते, फार बडबड करते. मी तिच्या आईला सगळं सांगितलं, 'फोन माझ्याकडे होता' म्हणून सांगितलं.

"मला वाटायचंच, काका," ती म्हणाली. "बाई न बघता कधी काही पाठवायच्या नाहीत."

"मला माफ कर."

"मी बघेन माझं. पण बाबा मरेपर्यंत बाईंना शिव्या देत होते. त्यांना आता कोण सांगणार?"

मी लिहू का, असं विचारलं. ती म्हणाली, "लिहा. बाईंचं नीट लिहा." नीट लिहायचं म्हणजे खरं लिहायचं, असं मी समजलो. म्हणून ते इथे लिहितो: तो कागद बाईंनी पाठवला नव्हता. मी पाठवला. ज्यांनी ज्यांनी बाईंकडून आपले पेनड्राइव्ह परत नेले त्यांनी हे वाचावं.

बाईंना मात्र हे वाचता येणार नाही. त्या घटनेनंतर दोनेक वर्षांनी फ्लॅट विकून त्या गडहिंग्लजला भावाकडे गेल्या आणि तिथेच गेल्या वर्षी वारल्या. त्याआधी एकदा मी त्यांना फोन केला होता. वाक्य पाठ करून केला होता. आमची मंडळी बाहेर गेल्याचं बघून, दार लावून केला होता.

"काय ओ सेक्रेटरी," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता, पण खणखणीत होता. "हयातीचा दाखला दिला का पेन्शनीला?"

"दिला."

"वहिनींचे गुडघे?"

"बरे आहेत."

"मग बोला. कसा काय केला फोन?"

मी तोंड उघडलं. वाक्य अगदी समोर होतं.

"बाई," मी म्हणालो, "आमच्या मुलाने स्कॅनर आणलाय. त्याची काच कशाने पुसायची?"

मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"सुती कापडानं," त्या म्हणाल्या. "कोरड्या. पाणी लावू नका." मग थांबल्या. "आणि काय विचारायचंय?"

"नाही," मी म्हणालो. "एवढंच होतं."

"बघा हं. मी हाय हितंच, घाई नाही."

"नाही, नाही. एवढंच."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि तरीही त्यांनी फोन ठेवला नाही. शेवटी मीच ठेवला.